आजोबांची पाळी



२०१४ सालच्या वार्षिकांत मीं लिहिलेला एक लेख आपणांपैकीं कित्येकांस आठवत असेल. पडद्यावरचे खेळ मुलांचे डोळे बिघडवितात, त्यांचें अंग जड करतात आणि घरांतल्या माणसांपासून त्यांस तोडतात, अशीं तीन विधानें मीं त्यांत मोठ्या आवेशानें केलीं होतीं. लेखाची वाहवा झाली. एका गृहस्थांनीं तर तो कापून दिवाणखान्यांत लावल्याचें मला सांगितलें. त्यांपैकीं पहिलीं दोन विधानें मी अजून मागें घेत नाहीं. तिसऱ्याविषयीं मात्र मला कांहीं सांगावयाचें आहे; आणि जें ज्या पानांवर लिहिलें तें त्याच पानांवर दुरुस्त करावें, हें मास्तरास शोभतें.

आमचें मूळ घर साताऱ्यास, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं. तेथें माझे वडील थोरल्या बंधूंजवळ राहात असत. मी नोकरीमुळें सांगलीस. कोणी कोठेंहि असलें तरी नाताळांत सर्वांनीं साताऱ्यास जमावयाचें, असा बाबांचा दंडक. २०१५ च्या नाताळांत माझी धाकटी बहीण पुण्याहून येतांना एक पांढरें, जाड पुस्तकाएवढें यंत्र घेऊन आली. तिच्या मुलांचा त्यावरचा जीव उडाला होता, म्हणून तें तिनें दादाच्या मुलांस दिलें. यंत्राचें नांव 'वी'. जपानच्या निन्टेंडो कंपनीनें तें २००६ च्या नोव्हेंबरांत प्रथम अमेरिकेंत विक्रीस काढलें, आणि पुढील कांहीं वर्षांत त्याचे दहा कोटींहून अधिक नग जगभर खपले. त्यापूर्वींच्या पडद्यावरील खेळांत बहुधा दोन आंगठे काय ते राबत. येथें फूटपट्टीहून आंखूड असा एक रिमोट हातांत धरावयाचा, आणि टेनिस खेळावयाचें तर तो रॅकेटीसारखा फिरवावयाचा, मुष्टियुद्ध खेळावयाचें तर ठोसे लगावावयाचे. पडद्यावरची बाहुली आपल्या हाताबरोबर हात हलविते.

माझा तो लेख बाबांनीं वाचला होता, व त्यावर 'ठीक' असा शेराहि मारला होता. त्यामुळें मुलें यंत्र जोडीत असतां मी त्यांच्या शेजारीं, आपल्या पक्षाचा एक पंच आहे अशा खात्रीनें, खुर्ची ओढून बसलों. बाबा टपाल खात्यांतून निवृत्त झालेले; वय त्या वेळीं चौऱ्याहत्तर. आई गेल्यापासून त्यांचें बोलणें जेवणापुरतें व प्रार्थनेपुरतें उरलें होतें. आमच्या लहानपणीं त्यांनीं घरांत पत्त्यांचा जोड कधीं येऊं दिला नव्हता. ही निन्टेंडो कंपनी १८८९ सालीं क्योटो शहरांत निघाली ती पत्ते करण्यासाठींच, आणि जपानांत पत्ते नेले ते गोवें घेऊन बसलेल्या त्याच पोर्तुगीजांनीं, सोळाव्या शतकांत. बाबांस मीं हें सांगितलें तेव्हां ते चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे पत्तेवाल्यांनीं अखेर मला घरांत येऊन गांठलें म्हणावयाचें." बऱ्याच दिवसांनीं त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला विनोद.

मुलांनीं 'बोलिंग' लावलें. हा आपल्या इकडचा खेळ नव्हे. लांब लाकडी पट्ट्यावरून जड गोळा घरंगळत सोडावयाचा आणि टोकाशीं मांडलेल्या बाटलीच्या आकाराच्या दहा खुंट्या पाडावयाच्या. गोळा बाजूच्या पन्हळींत गेला कीं तो फुकट. मुलें त्या पन्हळीस सरळ 'गटार' म्हणतात. रिमोटखालची कळ दाबून हात मागें न्यावयाचा, आणि पुढें आणतांना कळ सोडावयाची. माझा मुलगा तेव्हां दहा वर्षांचा होता. (तो आतां महाविद्यालयांत आहे, व हें सर्व त्याच्या अनुमतीनें लिहीत आहें.) त्यानें आजोबांच्या हातांत रिमोट दिला, त्याची दोरी मनगटांत अडकविली, आणि "आजोबा, बोलिंग करा" म्हणून सांगितलें. आतां तरुणपणीं जो माणूस क्रिकेट खेळला त्यास 'बोलिंग' म्हटल्यावर दुसरें काय सुचणार? बाबांनीं काठी भिंतीशीं टेकविली, दोन पावलें टाकलीं आणि हात डोक्यावरून फिरविला. कळ मध्येंच सुटली. पडद्यावरचा गोळा पुढें न जातां मागें, पाहणाऱ्यांच्या घोळक्यांत, जाऊन पडला, आणि तीं चित्रांतलीं माणसें दचकून उडालीं. त्या दिवाणखान्यांत कित्येक वर्षांत असा हंशा उसळला नव्हता. आणि हंसावयाचे सर्वांत उशीरां थांबले ते बाबाच.

ती मनगटाची दोरीहि किरकोळ वस्तु नव्हे. २००६ च्या डिसेंबरांत दोऱ्या तुटून रिमोट लोकांच्या दूरचित्रवाणी संचांवर आदळूं लागले, तेव्हां कंपनीनें बत्तीस लाख दोऱ्या बदलून देण्याचें जाहीर केलें होतें.

हातांतल्या कांडीस आपली हालचाल कळते कशी, हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकास स्वस्थ बसूं देईना. साताऱ्याहून कराडास एस. टी. नें जातांना डोळे मिटून बसावें. गाडी सुटली कीं पाठ मागें रेटली जाते, ब्रेक लागला कीं आपण पुढें झुकतों, वळणावर शेजाऱ्याच्या अंगावर जातों. खिडकीबाहेर न पाहतांहि गाडीची प्रत्येक हालचाल आपल्या अंगास समजते. रिमोटाच्या पोटांत सिलिकॉनचा असाच एक अतिसूक्ष्म उतारू, तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला, बसविलेला असतो. तो कोणत्या बाजूस किती ढळला हें विजेच्या फरकावरून मोजलें जातें, आणि तेवढ्यावरून यंत्र आपल्या फेंकीचा तर्क करतें. म्हणजे यंत्रास आपला हात दिसत नाहीं. त्यास धक्का तेवढा समजतो. ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी, पुढें तिचें काम पडणार आहे. (२०१० सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'किनेक्ट' नांवाचा डोळा काढला; त्यास कांडी लागत नसे, तो खेळणाऱ्याचें सबंध अंगच पाही. तो करणें २०१७ सालीं बंद झालें.)

खेळणाऱ्याची जी बाहुली या यंत्रांत तयार करतात तिला कंपनीनें दिलेलें नांव 'मी'. आणि यंत्राचें नांव 'वी', म्हणजे कानांस इंग्रजी 'आम्ही' असें ऐकूं येणारें. जपानी मंडळींनीं मराठीचा विचार खचित केला नसेल, पण "तुझा मी कोठें आहे?", "आजोबांचा मी अजून केलाच नाहीं!" अशीं वाक्यें घरांत उठूं लागलीं म्हणजे व्याकरण शिकलेला माणूस कान टवकारतोच. माझ्या मुलानें आजोबांचा 'मी' केला. पांढऱ्या मिशा, वाटोळा चष्मा, राखी अंगरखा. भुंवया दाट करण्यांत त्यानें अर्धा तास घालविला, व बाबा तोंवर फोटो काढणाऱ्यापुढें बसावें तसे हनुवटी वर करून बसले होते.

पुढल्या नाताळांत दादाच्या धाकट्याचा पाय तारेंत अडकून, दूरचित्रवाणीपुढें ठेवावयाची एक बारीक काळी पट्टी निकामी झाली. चेंडू फेंकण्यास तिची गरज नसते. पण पडद्यावर नेम धरून खेळ निवडावयाचा तर असते. मुलें हिरमुसलीं. मला मात्र या पट्टीचें गुपित ठाऊक होतें. तिला सगळे 'सेन्सर' म्हणतात, पण तिला कांहींच कळत नाहीं. तिच्या दोन टोकांस डोळ्यांस न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशाचे बारीक दिवे असतात, इतकेंच. पाहणारा डोळा रिमोटाच्या टोकाशीं असतो. त्या दोन दिव्यांवरून आपण कोठें रोखलें आहे तें तो ताडतो. आणि तसला प्रकाश साध्या ज्योतींतूनहि निघतो. मीं वहिनींकडून नाताळच्या दोन मेणबत्त्या मागून घेतल्या, एक वीतभर अंतरावर दूरचित्रवाणीपुढें लावल्या, खोलींतले दिवे मालविले, आणि मुलास रिमोट रोखावयास सांगितलें. पडद्यावर पांढरा पंजा उमटला! वीस वर्षांच्या अध्यापनांत माझ्या कोणत्याहि प्रयोगास इतक्या टाळ्या पडल्या नाहींत. वहिनींची नजर तेवढी पडद्याच्या कापडावर होती, आणि तेंहि योग्यच होतें. बाबांनीं त्या मेणबत्त्यांच्या उजेडांत एका डावांत तीन वेळां दहाच्या दहा खुंट्या पाडल्या. फेंक आतां खालून होती.

२०१७ च्या जूनांत बाबा गेले.

त्या वर्षीं नाताळांत यंत्र काढावयाचें नाहीं, असें न बोलतां ठरलें होतें. पण लहान मुलास न बोललेलें कसें समजणार? बहिणीच्या धाकट्यानें तें लावलें, बोलिंग निवडलें, आणि आम्ही सर्व एकदम गप्प झालों. या खेळांत घरच्यांचे जेवढे 'मी' साठविलेले असतील ते पाळी नसतां मागें व शेजारच्या पट्ट्यांवर उभे राहून पाहात असतात. त्यांत बाबा होते. तोच चष्मा, त्याच भुंवया. वहिनी पदर डोळ्यांस लावून स्वयंपाकघरांत गेल्या. हें पुसून टाकावें, असें माझें मत पडलें. गेलेल्या माणसाची अशी थट्टा होऊं नये, असेंहि मी कांहींसें म्हणालों. मुलगा रिमोट पाठीमागें लपवून उभा राहिला. दादा थोडा वेळ पडद्याकडे पाहात राहिला, मग म्हणाला, "असूं दे रे. जन्मभर लोक बाबांपुढें रांगेंत उभे राहिले. आतां ते राहूं देत जरा." त्यावर जें हंसूं आलें त्यांत रडूंहि होतें, आणि खेळ सुरू झाला.

२०१८ च्या उन्हाळ्यांत दादाचीं मुलें शिक्षणासाठीं पुण्यास गेलीं व यंत्र आमच्याकडे सांगलीस आलें. येथें मला माझा जुना लेख पुन्हां आठवला. एके दिवशीं शाळेंतून परत येऊन पाहतों तों चिरंजीव सोफ्यावर लवंडून, एका हातांत भडंगाची वाटी घेऊन, दुसऱ्या हाताच्या मनगटानें नुसते झटके देत टेनिसचा सामना जिंकीत होते. साताऱ्यास हाच मुलगा गुडघे वांकवून, हात लांबवून, घामाघूम होऊन खेळे. मीं कारण विचारलें.

"पप्पा, मशीनला काय कळतंय?"

मीं त्यास रागें भरलों नाहीं, कारण उत्तर बरोबर होतें. आंतल्या त्या उतारूस धक्का तेवढा कळतो. धक्का देणारा उभा आहे कीं लोळत आहे, हें त्याच्या गांवींहि नसतें. पुढच्या रविवारीं मीं शेजारच्या आजींस व वाड्यांतल्या दोघां मुलांस चहास बोलाविलें, आणि सहज म्हणून यंत्र लावूं दिलें. आजी खुर्चींत बसल्या मात्र, चिरंजीव आपोआप उठून उभे राहिले व पूर्वींसारखे सर्वांगानें खेळूं लागले. लोळून जिंकलेला डाव यंत्रास चालतो, शेजारच्या आजींस चालत नाहीं. ज्या गांवीं १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' उभें केलें, तेथल्या लोकांस पाहणाऱ्यांचा महिमा मीं सांगावयास नको. नाटकालाहि आपण 'खेळ'च म्हणतों. तेव्हांपासून आमच्या घरीं नियम झाला कीं, हें यंत्र एकट्यानें लावावयाचें नाहीं. माझें तिसरें विधान यंत्राविषयीं होतें. तें रिकाम्या खोलीविषयीं असावयास हवें होतें.

२०१९ च्या ऑगस्टांत कृष्णा चढली. आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वेळीं पाणी ५७ फुटांपर्यंत गेलें. आमचें बिऱ्हाड तळमजल्यावर. दाखले, औषधें, पत्नीची शिवणाची पेटी व पुस्तकांचे दोन गठ्ठे एवढें घेऊन आम्ही वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे गेलों. पाणी उतरल्यावर खालीं आलों तों भिंतींवर छातीच्या वर चिखलाची रेघ होती. यंत्र कपाटाच्या खालच्या खणांत होतें. तें उचललें तेव्हां त्याच्या फटींतून गढूळ पाणी गळूं लागलें. बाबांचा 'मी' त्यांत होता, हें प्रत्येकाच्या मनांत आलें असेल, पण तें बोलण्याचे ते दिवस नव्हते. शंभर कामें पडलीं होतीं. मुलगाहि कांहीं बोलला नाहीं. गादी बाहेर ओढावयास लागला.

डिसेंबरांत तो मला म्हणाला, "पप्पा, रविवारीं माझ्याबरोबर मिरजेला याल का?" मिरजेस त्याच्या एका वर्गमित्राकडे हेंच यंत्र होतें. वाटेंत त्यानें दप्तरांतून रिमोट काढून दाखविला. पुराच्या दिवशीं तो दप्तरांतच राहून वर गेला होता. मग त्यानें मला, विज्ञानाच्या शिक्षकास, ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. या रिमोटाच्या आंत थोडी स्मृति असते, व तीत दहा 'मी' साठवितां येतात. बॅटरी काढली तरी ते जात नाहींत. मित्राकडे खेळावयास जातांना स्वतःचा 'मी' बरोबर नेतां यावा म्हणून ती सोय. उन्हाळ्याच्या सुट्टींत त्यानें त्यांत दोन 'मी' उतरवून घेतले होते.

मित्राच्या घरीं दिवाणखाना लहान, माणसें पुष्कळ. बोलिंग लागलें. शेजारच्या पट्ट्यावर पांढऱ्या मिशांचे, वाटोळ्या चष्म्याचे बाबा उभे होते. मित्राच्या आजी पलंगावरून वांकून पाहात म्हणाल्या, "हे कोण रे, नवीन?"

"नवीन कसले? हे त्याचे आजोबा," मित्र म्हणाला. "उन्हाळ्यांत दर रविवारीं यायचे."

माझ्या हातांत रिमोट आला. मीं कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, दोरी मनगटांत अडकविली आणि उभा राहिलों. पहिले दोन्ही गोळे गटारांत गेले.