मागचा एक्सल

नगर शहरात झेंडीगेट, कोठला, मुकुंदनगर या भागांत गॅरेज शोधावे लागत नाही. ग्रीसचा वासच पत्ता सांगतो. आमचे आजोबा टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकत. टांगे गेले, तसे अब्बांनी जीपखाली गोणपाट टाकले. आम्ही भाऊ त्याच गोणपाटावर वाढलो. मुस्लिम समाजात पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, हे 2006 साली सच्चर समितीने आकडेवारीनिशी मांडले. आम्हाला ते घरात बसून ठाऊक होते. आपल्या लेखनात शिक्षणाचे, भाषेचे, आरक्षणाचे प्रश्न येतात. ते यायलाच हवेत. पण ज्या विद्येवर आपल्या चुली पेटतात, ती कागदावर फारशी येत नाही. म्हणून हा लेख एका एक्सलविषयी.

थोरल्या भावाचा मुलगा, आमचा पुतण्या, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करतो. त्याने जुनी कॉन्टेसा घेतली. हिंदुस्थान मोटर्सची ही गाडी 1984 ते 2002 या काळात निघाली. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, त्यामुळे हौशी पोरांचा तिच्यावर जीव. पुतण्याला ती टर्बो बसवून रोजच्या रस्त्यावरही चालवायची आहे आणि ड्रॅगलाही उतरवायची आहे. ड्रॅग म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ पाव मैल, 402 मीटर, कमीत कमी वेळात कापणे. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झालेल्या आहेत. मूळ एक्सल हा मार सोसणार नाही, एवढे त्याला समजले होते. मग दुसरा कोणता?

"चाचा, अमेरिकावाले सब नौ इंचीच डालते. अपन भी वोच मंगाएंगे."

पोरगा चुकीचे बोलत नव्हता. फोर्डचा नऊ इंची एक्सल 1957 सालापासूनचा. त्याचा क्राउन नऊ इंच व्यासाचा. बहुतेक एक्सलमध्ये पिनियनला मागच्या बाजूनेच दोन बेअरिंगांचा आधार असतो. यात दातांच्या पुढे टोकालाही तिसरे बेअरिंग आहे. त्यामुळे झटका बसला तरी पिनियन क्राउनपासून दूर ढकलला जात नाही. सगळा डिफरन्शियल पुढून एकसंध बाहेर निघतो. उणेपण एवढेच, की पिनियन क्राउनच्या मध्यापासून बराच खाली बसतो, दात एकमेकांवर जास्त घासतात आणि थोडी ताकद तिथेच जाते. शिवाय जहाजाचे भाडे आणि कस्टम ड्युटी आपल्या खिशातून. वस्तू उत्तम, यात वाद नाही. पण आपल्याला तिची गरज किती?

त्यासाठी आम्ही त्याच्याच वहीत हिशेब मांडला. इंजिनचा पीळ 14 किलो-मीटर धरा, पहिला गिअर साडेतीनचा, मागचा रेशो 4 चा. गुणाकार 196. टर्बोने पीळ दुप्पट झाला तर 392. पोरे इथेच थांबतात आणि जाड एक्सल शोधू लागतात. पण हा जोर एक्सलवर येतो केव्हा? टायरने जमीन पकडली तरच. सुटताना मागच्या चाकांवर 700 किलो भार, साध्या टायरची पकड 0.9, टायरची त्रिज्या 30 सेंटिमीटर, गुणाकार 189. त्यापुढे टायर जागेवर फिरेल, धूर निघेल, पण एक्सलला जास्त ताण बसणार नाही. आता शर्यतीचे चिकट टायर लावा. पकड दीड, आणि झेप घेताना मागे येणारा भार 800. हिशेब 360 वर जातो. इंजिन तेच, गाडी तीच, फक्त टायर बदलले आणि एक्सलवरचा ताण जवळजवळ दुप्पट झाला. वर एकदम क्लच सोडल्याचा झटका वेगळाच. म्हणून एक्सल निवडताना बॉनेट नंतर उघडावे, आधी टायर पाहावा.

दुसरा पर्याय घरातलाच होता. जुन्या जीपचा एक्सल, ज्याच्यावर अब्बांनी आयुष्य काढले. ही जीप भारतात आणणारी कंपनी 1945 साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाली होती. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. पाटीवरचे मोहम्मद गेले, गाडीखालचे राहिले. पण भावनेवर एक्सल बसत नाही. जुन्या जीपचा डिफरन्शियल मधोमध नसून उजवीकडे सरकलेला असतो, त्यामुळे मोटारीत प्रोपेलर शाफ्ट तिरका बसतो. रेशो 5.38 चा, म्हणजे पिनियनला 8 दात आणि क्राउनला 43. ताशी 80 किलोमीटरला, टायरचा घेर 1.9 मीटर धरला तर टॉप गिअरमध्ये इंजिन पावणेचार हजार फेरे मारील, 3.9 च्या रेशोला तेच काम पावणेतीन हजारांत होते. पुणे रस्त्यावर पेट्रोलही जाईल आणि कानही. आणि एकाच मापाच्या क्राउनमध्ये रेशो जितका मोठा, तितका पिनियन बारीक. सुटण्याची चपळाई हवी म्हणून तोच भाग नाजूक करायचा, असा हा सौदा.

डिफरन्शियलच्या आतल्या गिअरांना वेल्डिंग मारून दोन्ही चाके जखडण्याचा स्वस्त उपाय पोरे करतात. सरळ पट्टीवर तो चालतो. वळणावर मात्र दोन चाकांना वेगवेगळे अंतर कापायचे असते. तिथे टायर घासतात, शाफ्ट पिळतात. रोजच्या गाडीला हा उपाय आम्ही बाद केला.

आता मुख्य गोष्ट. थोरले भाऊ वडापची गाडी चालवत. 1998 साली मढीच्या यात्रेची माणसे घेऊन करंजी घाट उतरताना मागचा शाफ्ट तुटला आणि चाक शाफ्टच्या तुकड्यासह बाहेर पडले. माणसे वाचली, अल्लाहचे उपकार. भाऊंचा उजवा पाय तेव्हापासून गुडघ्यात वाकत नाही. तो तुकडा अब्बांनी जपून ठेवला होता. त्याच्या तोंडावर शिंपल्यासारख्या गुळगुळीत रेषा आहेत आणि शेवटी थोडा भाग खरखरीत. म्हणजे तडा कित्येक महिने हळूहळू सरकत होता. घाटात फक्त उरलेले तुटले.

मोटारींचे एक्सल बहुधा सेमी-फ्लोटिंग असतात. त्यात शाफ्ट चाक फिरवतोही आणि गाडीचे वजन पेलतोही. तो तुटला की चाक निघू शकते. फुल-फ्लोटिंगमध्ये वजन हबची बेअरिंगे आणि हाउसिंग पेलतात, शाफ्टला फक्त पीळ. शाफ्ट तुटला तर गाडी थांबते, चाक जागेवर राहते. ट्रकला म्हणूनच ही रचना असते.

भाऊंनी वहीतला हिशेब ऐकून घेतला आणि पोराला म्हणाले, "बेटा, पहले चक्का संभाल, बाद में टाइम."

निवड तिथेच झाली. मधोमध डिफरन्शियल असलेला, चारच्या आसपास रेशोचा फुल-फ्लोटिंग एक्सल शोधायचा. हाउसिंगच्या नळ्या जिगमध्ये धरूनच आखूड करायच्या, कारण वेल्डिंगच्या आचेने नळी वाकते. शाफ्ट ईएन-24 पोलादाचे, उष्णता-प्रक्रिया केलेले. शाफ्टवर लांबीभर एक सरळ पांढरी रेघ ओढायची. प्रत्येक शर्यतीनंतर शाफ्ट ओढून ती पाहायची. रेघ वळली की शाफ्ट भंगारात. वजन वाढेल, वेळेत थोडा तोटा होईल, तो सोसायचा. आणि कटर लावण्याआधी आरटीओत लेखी विचारायचे, कारण 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ नोंदीपासून वेगळ्या बदलाला मनाई करते. परवानगी नाही मिळाली तर गाडी पट्टीपुरतीच, तीही ट्रॉलीवरून जाईल. बायपासवरच्या रात्रीच्या शर्यतीला आमच्या घरातून कुणी जाणार नाही.

विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ 1549 साली आपल्या नगरात ओतली गेली. 55 टनांच्या त्या तोफेवर ओतणाऱ्या महंमद बिन हसन रूमीचे नाव कोरलेले आहे. झेंडीगेटच्या मिस्त्र्यांनी घडवलेल्या शाफ्टवर कुणाचे नाव नसते, आणि त्यांची विद्या त्यांच्याबरोबर कबरीत जाते. पुतण्याची ती वही आम्ही मागून घेतली आहे. त्यात आता अब्बांच्या हाताखाली शिकलेले बाकीचेही लिहून काढत आहोत.