तळवड्याचे चिन्ह कोणते?

निगडीच्या चौकातील भक्ती-शक्ती शिल्पासमोर येणारा-जाणारा नकळत हात जोडतो. तेथून थोड्याच अंतरावर तळवडे. १९९७ मध्ये हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. आज तेथे एका अंगाला संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या अंगाला लघुउद्योगांच्या पत्र्याच्या शेड आणि पलीकडे इंद्रायणी. सकाळी बसमधून उतरणारे बहुतेक तरुण परगावचे. मूळ गावकरी आणि हे तरुण, दोघांनीही 'आमचे' म्हणावे असे चिन्ह मात्र येथे अद्याप नाही.

अमेरिकेतील मॅडिसन या विद्यापीठाच्या गावाला असे चिन्ह आहे. बॅजर हा बिळात राहणारा प्राणी. विस्कॉन्सिनमध्ये शिशाच्या खाणींत राबणारे मजूर एकेकाळी टेकडीत बिळे खोदून राहत. लोक त्यांना थट्टेने बॅजर म्हणत. पुढे तेच नाव राज्याने आणि विद्यापीठाने अभिमानाने मिरवले. २०१८ च्या उन्हाळ्यात स्थानिक कलावंतांनी रंगविलेले ८५ बॅजर गावाच्या रस्त्यांवर उभे राहिले. व्यापारी वाचक प्रथम विचारील, खर्च कोणाचा? तो प्रायोजकांनी उचलला. नंतर पुतळ्यांच्या लिलावातून कर्करोगावरील संशोधनासही साहाय्य झाले. असा हिशेब कोणत्याही पेढीला पटावा.

त्याच वर्षी मुंबईत रंगीत हत्ती अवतरले. त्यांची संख्या १०१ होती, कारण तेव्हा देशात हत्तींच्या येण्याजाण्याच्या १०१ वाटा नोंदल्या गेल्या होत्या. भूसुरुंगाने पाय गमावलेल्या मोशा या थायलंडमधील हत्तिणीच्या पिलापासून या उपक्रमाची प्रेरणा मिळाली होती. मुंबईतील लिलावही जिवंत हत्तींच्या वाटा मोकळ्या राहाव्यात यासाठीच होता. जीवदयेचे एवढे देखणे रूप विरळाच.

तळवड्यासाठी कोणते चिन्ह शोभेल? तीर्थंकरांच्या मूर्ती एकसारख्या दिसतात. त्यांची ओळख लांछनावरून पटते. ऋषभदेवांचे लांछन वृषभ, आणि असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प ही सहा कर्मे शिकविणारेही तेच. यांतली बहुतेक कर्मे आज तळवड्यात शेजारी-शेजारी नांदतात. शेजारच्या देहूहून निघणारा तुकोबांच्या पालखीचा रथही बैलच ओढतात. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवून अंगावर ठिपके काढण्याची हौस तर गावोगावी आहे. त्यासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण नाही.

साचा काढणारे, वेल्डिंग आणि रंगकाम करणारे कारागीर या पट्ट्यात हवे तितके मिळतील. शाळांची मुले रंग देतील, दुकानदारांनी एकेक बैल दत्तक घ्यावा. लिलावाची रक्कम गोशाळेला द्यावी की परगावच्या कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाला, यावर वाद होईल. तो खुशाल व्हावा. एवढे मात्र पाहावे की बैल भर चौकात नको. तेथे आधीच वाहनांना वाट मिळत नाही. तो बसथांब्यापाशी उभा करावा, म्हणजे रात्रपाळी संपवून गाडीची वाट पाहणाऱ्याला क्षणभर पाठ टेकता येईल.