महालक्ष्म्यांपुढची आरास

परभणीच्या माणसाला हैदराबाद कधी परगाव वाटलं नाही. 1956 पर्यंत राजधानी तीच होती. म्हणूनच की काय, सालारजंग म्युझियममधली जर्मनीतल्या मायसेनची चिनीमातीही मला थोडी घरचीच वाटते. तिसरे सालारजंग, मीर युसूफ अली खान, यांनी निजामाची दिवाणगिरी 1912 ते 1914 एवढीच केली. पुढं 1949 मध्ये डोळे मिटेपर्यंत वस्तू गोळा करत राहिले. लग्न केलं नाही. (एवढी नाजूक चिनीमाती असलेल्या घरात रांगतं मूल नव्हतं, हे बरंच झालं म्हणायचं.)

जाणकार माणूस मायसेनची बाहुली आधी उलटी करतो. बुडाशी निळ्या तलवारींची फुली असते. काचेआड ते जमत नाही, म्हणून मी पायामागं बघतो. मेंढपाळ असो की नाचणारी बाई, मागं बहुधा एक झाडाचं खोड असतं. डोकं, धड, हात वेगवेगळ्या साच्यांतून काढून पातळ मातीनं सांधलेले. भट्टी चौदाशे अंशांच्या आसपास तापली की ही माती मऊ पडते, बारीक घोट्यांवर अंग पेलत नाही. खोड हा टेकू. त्यावर पानंफुलं चिकटवून कारागिरानं नड झाकलेली असते. मला चेहऱ्यापेक्षा ही लबाडी आवडते.

मायसेनचा कारखाना 1710 चा. मूर्तिकार योहान योआखिम केंडलर तिथं 1731 मध्ये आला आणि बाहुल्यांना ठुमका आला. पण त्या कपाटात ठेवायला घडवल्याच नव्हत्या. दरबारी मेजवानीत गोडाच्या वेळी टेबलावर साखरेच्या मूर्ती मांडायची चाल होती. त्यांची जागा या बाहुल्यांनी घेतली. फराळाच्या ताटांमध्ये खेळणी, हे आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की आत्या ट्रंकेतून आरास काढते: मातीची फळं, लाकडी बैलजोडी, चिनीमातीची बदकं. एका बाहुलीचा हात कधीचाच तुटलाय. तिला करंज्यांच्या ताटाआड उभी करतात. संग्राहकाच्या लेखी तिची किंमत निम्म्यावर आली असती.

यंदा सुनेनं आरासीत झांजा वाजवणारं चावीचं माकड आणून ठेवलं. आत्या कुरकुरली. मी म्हटलं, अगं, केंडलरनं तर माकडांचा अख्खा वाद्यवृंद घडवला होता, राजेलोकांसाठी.

"मग त्यालाबी बोलाव की जेवायला," आत्या म्हणाली, आणि माकडाला चावी दिली.