अंगण जिथे, शाळा तिथे

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलात की साठेक किलोमीटरवर मंचर येते आणि त्यापुढे नारायणगाव. टोमॅटो-कांद्याचा हा मुलूख तुमच्या ओळखीचा असेल. पण वाचकहो, पुढच्या खेपेला शिवनेरी आणि भीमाशंकर पाहाल, तेव्हा वाटेतल्या एखाद्या अंगणवाडीतही डोकावून या. गाव कसे वाढते आहे, हे तिथे चटकन कळते.

या दोन तालुक्यांचे दोन भाग आहेत. पूर्वेला कुकडी प्रकल्पाचे पाणी. डिंभे, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि येडगाव अशी पाच धरणे. पाणी आले तशी माणसे गावठाण सोडून मळ्यात राहू लागली. घरे वाढली, पण लांब लांब. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी समाजाच्या वाड्या, भातखाचरे आणि हिरड्याची झाडे. डिंभ्याच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले.

दोन्हीकडे प्रश्न मात्र एकच. तीन वर्षांचे मूल चालून चालून किती चालणार? मळ्यात वाटेवर ऊस आणि उसात बिबट्या. डोंगरात पावसाळी ओढा. म्हणून मदतनीस सकाळी दारोदार जाऊन पोरे गोळा करते आणि मग आहार शिजवते.

अंगणवाडी ताई म्हणजे खिचडी वाटणारी बाई, असे कोणी म्हणत असेल तर त्याला तासभर तिथे बसवा. गाणी, गोष्टी, चिंचोके मोजणे, रंग ओळखणे, हात धुण्याची सवय. मुलांचे वजन-उंची घ्यायची, गरोदर बायांना भेटायचे, लसीकरणाच्या दिवशी आयांना बोलावून आणायचे आणि या साऱ्याची नोंद मोबाइलवर भरायची. ही योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला पोषक आहार मिळणे, हा 2013 च्या कायद्याने त्याचा हक्क आहे.

खरी अडचण दिवाळीनंतर येते. भाताची झोडणी उरकली की पश्चिमेकडची कुटुंबे मजुरीसाठी नारायणगावकडे उतरतात. विघ्नहर आणि भीमाशंकर या साखर कारखान्यांच्या उसावर बाहेरून तोडणी कामगार येतात. लेकरे आईबरोबर असतात. वाडीवरच्या ताईच्या वहीत नाव आहे, पण मूल नाही. मळ्याजवळच्या ताईच्या समोर मूल आहे, पण वहीत नाव नाही. मग ते दिवसभर बांधावर बसते. मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होण्याचे हेच वय. त्यातले चार-सहा महिने आहाराविना, खेळाविना गेले, तर ते पुढे भरून काढणे कठीण.

1945 साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. बिया, शंख-शिंपले, पाने हेच तिथले साहित्य. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच रुजला. आज अंगणच जर हंगामाबरोबर जागा बदलते, तर शाळेनेही त्याच्यामागे जायला हवे.

यात तुम्हीआम्ही काय करायचे? मजूर कुटुंब तुमच्या रानात उतरले, तर त्यांची पोरे जवळच्या अंगणवाडीत नेऊन ताईला दाखवा. कागदपत्रे परगावची आहेत म्हणून कचरू नका, ती मुलेही लाभार्थीच आहेत. ताईने वाडीवरच्या ताईला एक फोन केला की वजनाची नोंद पुढे चालू राहते. मळ्याची वाट साफ ठेवा आणि लहान मुलांबरोबर मोठे माणूस धाडा. तुमच्या वस्तीत सहा वर्षांखालची 40 मुले असून अंगणवाडी नसेल, तर ग्रामसभेत ठराव करून ती मागा. मागणीपासून तीन महिन्यांत ती द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2006 चा आदेश आहे.

शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना लहानपणीच्या संस्कारांचे मोल नव्याने सांगायला नको. आपल्या बांधावर बसलेले पोर ज्याचे असेल त्याचे असो, सकाळी दहाला ते अंगणवाडीत असले पाहिजे.