सील नवं, गळती जुनीच

द्राक्षबागेतला छोटा ट्रॅक्टर मशागतीला जेवढा जुंपला जात नाही, तेवढा तो ब्लोअरला जुंपलेला असतो. ऑक्टोबर छाटणी झाली, डोळे फुटले, की डावणी-भुरी या रोगांच्या धाकाने फवारणीमागून फवारणी सुरू होते. पाऊस पडला तर औषध धुऊन जातं आणि पुन्हा टाकी भरावी लागते. या सगळ्या काळात पीटीओ, म्हणजे मागचं अवजार फिरवणारा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेरे मारत असतो, म्हणजे तासाला बत्तीस हजारांच्या वर. आमच्या निफाड तालुक्यातल्या बागेत ट्रॅक्टरचं ऑइल गळायचं ते नेमकं याच दिवसांत.

जागा ठरलेली होती. मागच्या बाजूला पीटीओ शाफ्ट जिथून बाहेर येतो, तिथलं ऑइल सील. आधी नुसती ओल दिसायची, मग त्या ओलीवर धूळ बसून काळा थर व्हायचा आणि पुढे उभ्या ट्रॅक्टरखाली थेंब पडायला लागायचे. लिफ्टच्या हातांचा आडवा शाफ्ट आहे ना, त्याच्या कडेलाही कधीमधी तेलकट दिसे. गॅरेजमध्ये नेला की सील बदलून मिळायचं. काही आठवडे कोरडे जायचे आणि भर फवारणीत पुन्हा तेच. मिस्त्री म्हणायचे, "नाना, माल ओरिजनल टाकलाय, आता त्याच्यापुढं काय करणार?" गावात तर एक ठरलेलं वाक्य आहे: ट्रॅक्टर म्हटला की थोडंफार गळणारच.

हे मला कधीच पटलं नाही. या ट्रॅक्टरमध्ये गिअर, डिफरन्शियल, हायड्रोलिक लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक या सगळ्यांना एकच ऑइल आहे. ते पातळीखाली गेलं की हायड्रोलिकचा पंप हवा ओढायला लागतो, लिफ्ट कण्हते, झटके देत वर जाते. शिवाय जिथून ऑइल बाहेर येतं, तिथून धूळ-पाणी आत जायलाही वाट असतेच. गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलं की ऑइल दुधाळ होतं, आणि असं ऑइल बेअरिंगचं काय करतं ते मी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर पाहिलेलं आहे. घरात एकच ट्रॅक्टर असताना त्याचा मागचा भाग उघडायची वेळ ऐन हंगामात आली, तर त्या आठवड्यात डावणी थांबून राहत नाही.

खरड छाटणी उरकल्यावर थोडी उसंत असते. त्या दिवसांत ट्रॅक्टर शेडमध्ये घेतला आणि ठरवलं, की आता सील बदलायचं नाही, आधी ऑइल बाहेर का येतंय ते बघायचं. मागची सगळी बाजू डिझेल आणि ब्रशने धुतली. खाचाखोचांतला जुना थर स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला. हवेने सुकवून त्यावर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरली. पांढऱ्यावर ऑइलचा एक कणही लपत नाही. इंजिन सुरू करून पीटीओ रिकामा चालवला. कोरडा. बराच वेळ तसाच चालू ठेवला, तरी कोरडाच. मग ब्लोअर जोडला, टाकीत साधं पाणी भरलं आणि उन्हात बागेच्या ओळींतून फिरवत राहिलो. गिअरबॉक्सला हात लावून ठेववेना इतका तो तापला, तेव्हा सीलच्या खालच्या कडेला पावडर करडी पडली आणि बघता बघता तिथून ओघळ निघाला.

थंड असताना कोरडं आणि तापल्यावर गळतं, इथे माझी शंका पक्की झाली. ट्रॅक्टर बंद करून मी डिपस्टिकची टोपी सैल केली. फस्स करून हवा सुटली. बरोबर ऑइलचे शिंतोडे उडाले.

गिअरबॉक्स पूर्ण भरलेला नसतो, ऑइलच्या वर हवा असते. बंद जागेतली हवा ३० अंशांवरून ८० अंशांवर गेली तर तिचा दाब सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. ऑइलही तापून फुगतं, त्यामुळे हवेला जागा आणखी कमी उरते. हा दाब सुटावा म्हणून गिअरबॉक्सला ब्रीदर दिलेला असतो. तो बुजला की हवा सगळ्यात कमजोर जागा शोधते, आणि ती जागा म्हणजे फिरत्या शाफ्टवर टेकलेला सीलचा रबरी ओठ. साधी ऑइल सीलं ऑइल अडवायला केलेली असतात, दाब पेलायला नव्हे. संध्याकाळी ट्रॅक्टर थंड झाला की उलटं होतं. आतली हवा आकसते आणि त्याच ओठावरून बाहेरची हवा, धूळ, धुतल्याचं पाणी आत ओढलं जातं. थोडक्यात, आमचा गिअरबॉक्स सीलमधून श्वास घेत होता.

ब्रीदर सापडायला वेळ लागला. लिफ्टच्या झाकणावर, सीटच्या मागे एक बोटभर टोपी होती, पण टोपी म्हणून ओळखूच येत नव्हती. बोर्डो मिश्रणाचा निळसर चुना, धूळ आणि ऑइल यांचा दगडासारखा थर तिच्यावर चढलेला. ब्लोअर मागे जे धुकं उडवतो, त्यातलं बरंचसं तिथेच बसतं. टोपी खोलून फुंकून पाहिली, हवा अजिबात जाईना. आतली जाळी डिझेलमध्ये भिजत घातली तरी चुना सुटला नाही, तेव्हा नवाच आणला. इतक्या वेळा सीलं बदलली गेली, पण हाताच्या अंतरावरच्या या टोपीकडे कुणी पाहिलं नव्हतं. याची मला अजूनही चीड येते.

पण ब्रीदर बदलून भागणार नव्हतं. ऑइल उतरवून जुनं सील काढलं आणि शाफ्ट पुसून नख फिरवलं. जिथे सीलचा ओठ टेकतो, तिथे नख अडकलं. पोलादात बारीक चर पडला होता. रबर मऊ असलं तरी त्यात धुळीचे कण रुतले की ते पॉलिश पेपरचं काम करतं. नवं सील त्याच चरावर बसवलं तर ते पुरतं टेकणारच नाही. शाफ्ट धरून हलवून पाहिला, बेअरिंगला प्ले नव्हता, म्हणजे मोठं काम टळलं. चरावर बारीक पत्र्याची स्लीव्ह चढवता येते. पण आमच्या हाउसिंगमध्ये जागा होती, म्हणून सील दोन मिलिमीटर बाहेर बसवायचं ठरलं, म्हणजे ओठ कोऱ्या पोलादावर येतो.

बसवताना मिस्त्रींना घरीच बोलावलं. शाफ्टच्या सहाही खाचांवर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळला, कारण उघड्या खाचांच्या धारेवरून सील सरकवलं तर ओठ तिथेच कापला जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. ओठाला ऑइल लावलं. स्प्रिंगची बाजू आत. हातोडी थेट सीलवर न मारता मापाच्या पाइपचा तुकडा टेकवून चारी बाजूंनी हळूहळू ठोकलं, कॅलिपरने खोली मोजत. मिस्त्री निवांतपणे काम करत होते. गॅरेजमध्ये मागे रांग असताना त्यांना हे जमत नाही, हेही मला त्या दिवशी कळलं. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचं, आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंतच. गळतंय म्हणून आधीच जास्त भरून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, त्याने तर आतली हवेची जागाच कमी होते.

नवा ब्रीदरही त्याच फवाऱ्यात बसला असता. त्याच्या जागी निप्पल लावून रबरी नळी जोडली, ती फेंडरच्या आतून सीटच्या उंचीला नेली आणि तिच्या तोंडावर ब्रीदर खाली तोंड करून बसवला. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या सगळ्या फवारण्या याच जोडणीवर झाल्या. डिपस्टिकची पातळी हलली नाही. लिफ्टच्या शाफ्टपाशी जी ओल दिसायची तीही बंद झाली, तिथल्या ओ-रिंगला आम्ही हातसुद्धा लावला नव्हता.

वस्तीवरच्या बाकीच्यांना दाखवलं, तर आणखी ब्रीदर बुजलेले निघाले. एका पाहुण्यांचा ट्रॅक्टर मात्र ब्रीदर साफ करूनही गळत राहिला. ऑइल पुढून, क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून येत होतं. तिथे बहुधा आतलं इनपुट शाफ्टचं सील गेलेलं असतं आणि ट्रॅक्टर मधून फोडल्याशिवाय हात पोहोचत नाही. त्यांना मी सांगितलं, भाऊ, हे घरी करू नका, पण द्राक्षं खुडून झाल्याबरोबर करून घ्या, कारण ते ऑइल क्लच प्लेटवर गेलं की प्लेटही बदलावी लागेल. त्यांनी मार्चअखेरीला काम काढलं आहे. फोडायच्या दिवशी मी जाणार आहे, आतल्या शाफ्टलाही चर पडलाय का ते मला बघायचंय.