कोळशाआधीची माती

आमच्या चंद्रपूरच्या वस्तीत घरटी एक माणूस खदानीत आहे किंवा होता. तरी महिला मंडळात विषय निघाला की भगिनी म्हणतात, खड्डा खोदायचा अन् कोळसा उचलायचा! इतके सोपे असते तर शॉवेल चालवून आमच्या ह्यांची कंबर गेली नसती.

खुल्या खदानीत कोळसा सर्वांत शेवटी येतो. आधी वरची काळी माती काढतात, मग मुरूम, मग खडक. खडकात ड्रिलने भोके पाडून दारू भरतात, भोंगा होतो आणि सुरुंग उडतो. ते सारे शॉवेलने भरून डंपरने बाहेर न्यायचे. उभी भिंत ढासळते म्हणून खदान पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते. घुग्गुस, सास्तीकडे दिसतात ते डोंगर नव्हेत, हीच ती माती. एक टन कोळशासाठी कित्येक घनमीटर हलवावी लागते. थर उघडा पडल्यावर कोळसा क्रशरमध्ये फोडतात आणि पट्ट्यावरून किंवा वाघिणीतून पाठवतात. आमच्याकडचा बहुतेक वीज केंद्रातच जळतो.

आता मातीचे पुष्कळसे काम ठेकेदाराकडे आहे. माझा भाचा अशाच एका ठेक्यावर टिपर चालवतो. बारा तासांची पाळी, वेतनचिठ्ठी नाही. म्हणतो, “मावशी, आम्ही कुठी कोळसा काढतो? मातीच तर फेकतो.” ठेकेदाराने त्याच्या मनात हेच भरवले आहे. अहो, माती हलली नाही तर कोळशाचे तोंड दिसेल का?

परमपूज्य बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. पुढच्याच वर्षी खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो गप्प बसला. त्याच्या घरी बाबासाहेबांची तसबीर आहे, पण ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती.

ठेक्यावरच्या कामगारांसाठीही ठरलेले दर आहेत. मागच्या महिन्यात त्याने व दोन सोबत्यांनी वेतनचिठ्ठी आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मागणारा अर्ज केला. मजकूर ह्यांनी सांगितला, अक्षर माझे. ठेकेदाराच्या मुनीमाने कागद ठेवून घेतला, पोच दिली नाही. सोमवारी दुसरी प्रत घेऊन तिघे पुन्हा जाणार आहेत. ह्या खेपेस हेही सोबत जातो म्हणतात, कंबरेला पट्टा बांधून.