पद्मिनीचं टायमिंग आणि आपला ऊस

इंदापूर तालुक्यात वालचंदनगर ज्यांच्या नावानं उभं राहिलं, त्याच शेठ वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. त्या कंपनीची पद्मिनी मी अजून चालवतो.

मध्यंतरी गाडी चढाला ओढेना, पेट्रोल मात्र ढोसायची. म्हटलं, सीबी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवू. बारामतीतल्या आमच्या जुन्या मिस्त्रींनी आधी डिस्ट्रिब्युटर उघडला. आतली छोटी वजनं गंजून चिकटलेली. इंजिनाचा वेग वाढला की ही वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. तेच जाम असेल तर किट काय करणार? मिस्त्रींनी वजनं मोकळी केली, स्प्रिंगा बदलल्या, मग किट बसवलं आणि टायमिंग लाईट लावून सेटिंग केलं. गाडी पुन्हा ओढायला लागली.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय. ऊस आपला, कारखाने आपले, म्हणून इथेनॉलला माझा विरोध नाही. त्यानं ऑक्टेन वाढतो, हेही खरं. पण जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रणात हवा जास्त होते, रबरी नळ्या लवकर खराब होतात. वाड्यावस्त्यांवर राजदूत, लूना अजून आहेत. त्यांचं सेटिंग कोण करणार? लॅपटॉप लावून हे जमत नाही, कान आणि हात लागतात.

आपल्या आयटीआयनी अशा मिस्त्रींना महिन्यातून एकदा तरी शिकवायला बोलवावं. मानधन देऊन, बरं का! ही माणसं साठी-सत्तरीची झालीत.